मांजरीची पिल्ले उचलण्याआधी थोडे थांबा!

ठाणे, प्रतिनिधी

टेंभी नाका आणि त्याला लागून असलेल्या जांभळी नाक्याच्या परिसरात मांजरांना तोटा नाही. बाजार हाकेच्या अंतरावर असल्याने खाण्याची ददात नसते. जुन्या इमारतींच्या जिन्याखालची अडगळ, मीटरची खोली, दुकानामागचे रिकामे खोके अशा लपण्याच्या जागाही विपुल. एखाद्या सकाळी अशाच खोक्यातून बारीक आवाज येऊ लागतो आणि इमारतीत दोन तट पडतात. काहींना ती पिल्ले ताबडतोब बाहेर हवी असतात. काही जण दयेपोटी ती घरात आणतात आणि त्यांच्यापुढे गाईच्या दुधाची बशी ठेवतात. हेतू निरनिराळे असले तरी परिणाम बहुधा एकच होतो. आई दुरावते आणि पिल्ले दगावतात. नवजात पिल्लांना सर्वांत उत्तम सांभाळणारी त्यांची आईच असते. माणसाने तिला साह्य करावे, तिची जागा घेण्याची घाई करू नये, हे या विषयातले पहिले सूत्र होय.

आई खरोखरच सोडून गेली आहे का?

मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो. एका वेळी बहुधा तीन ते पाच पिल्ले होतात. जन्मतः प्रत्येकाचे वजन अवघे ८५ ते ११० ग्रॅम असते. डोळे मिटलेले, कान बंद आणि पायांत उभे राहण्याचे बळ नाही, अशा अवस्थेत ती पूर्णपणे आईवर विसंबून असतात. आपल्याकडच्या तत्त्वचर्चेत 'मार्जारन्याय' हा शब्द आला तो यावरूनच. माकडाचे पिल्लू आईला घट्ट बिलगते. मांजरीच्या पिल्लाला मात्र आईच मानगुटीला धरून नेते.

ही आई भक्ष्याच्या शोधात काही तास पिल्लांपासून दूर राहू शकते. त्यामुळे एकटी दिसणारी पिल्ले पोरकी असतीलच असे नाही. ती उबदार असतील, एकमेकांना बिलगून शांत झोपली असतील आणि त्यांची पोटे भरलेली दिसत असतील, तर आई येऊन गेली आहे असे समजावे. अशा वेळी दूर उभे राहून पाहावे. माणसे जवळ घोटाळत असतील तर ती परत येण्यास धजावत नाही. रात्री पाहणे शक्य नसेल तर खोक्यापासून थोड्या अंतरावर कणकेची पातळ रेघ ओढून ठेवावी. सकाळी त्यावर पावलांचे ठसे उमटलेले दिसले तर शंका फिटते.

माणसाचा हात लागला की मांजरी पिल्ले टाकून देते, ही समजूत खरी नाही. मात्र वारंवार हाताळल्याने ती अस्वस्थ होते व पिल्ले अन्यत्र हलवते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडून द्यावा, पण जागा बदलण्याची तिची सवय खरी आहे. आवाज, वर्दळ, बोक्याचा वावर किंवा अस्वच्छ जागा ही त्यामागची कारणे असतात. टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेल्या नवरात्रोत्सवाच्या दिवसांत गर्दी आणि वाद्यांचा आवाज रात्रीपर्यंत असतो. अशा काळात व्यालेल्या मांजरीला इमारतीच्या मागील बाजूस एखादा शांत, अंधारा कोपरा मोकळा ठेवला तरी पिल्लांची फरफट टळते.

आधी ऊब, मग दूध

कित्येक तास उलटूनही आई आली नाही, पिल्ले सतत ओरडत आहेत, अंगाला गार लागत आहेत किंवा त्यांना मुंग्या लागल्या आहेत, अशा स्थितीत मात्र थांबून चालत नाही. येथे बहुतेकांची चूक होते ती क्रमाची. गार पडलेल्या पिल्लाला प्रथम दूध पाजले जाते. शरीर थंड असताना त्याची पचनक्रिया मंदावलेली असते. दूध पचत नाही आणि श्वासनलिकेत जाण्याचाही धोका असतो. म्हणून आधी ऊब द्यावी.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना थंडीने कुडकुडताही येत नाही. त्यांच्याभोवतीचे तापमान ३० अंश सेल्सियसच्या आसपास असावे लागते. ठाण्याच्या उकाड्यात याची काय गरज, असे वाटेल. परंतु पावसाळ्यातली ओली फरशी इवल्याशा देहातली उष्णता बघता बघता शोषून घेते. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या सुती कापडाच्या घड्या घालून, कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूस ठेवावी. दुसरी बाजू मोकळी ठेवली म्हणजे उकडू लागल्यास पिल्लांना सरकता येते. पिल्ले पाण्याने धुऊ नयेत.

गाईचे दूध नको

मांजरीच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असते. गाईच्या दुधाने पिल्लांचे पोषण होत नाही, उलट हगवण लागते आणि शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. पशुवैद्यकांकडे आणि प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानांत मांजरीच्या पिल्लांसाठीची दुधाची भुकटी मिळते, तीच वापरावी. पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. तान्ह्या मुलासारखे उताणे न धरता पिल्लाला पोटावर ठेवावे आणि छोट्या बाटलीने वा सुई काढलेल्या सिरिंजने थेंबाथेंबाने पाजावे.

पहिले तीन आठवडे पिल्लांना आपणहून मलमूत्र विसर्जन करता येत नाही. आई चाटून ते घडवून आणते. आई नसेल तर प्रत्येक वेळी पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हलक्या हाताने फिरवावा लागतो. वजनात रोज १० ते १५ ग्रॅमची वाढ दिसली तर सारे ठीक चालले आहे असे मानावे. वजन घटले किंवा दिवसभर स्थिर राहिले तर पशुवैद्यक गाठावा.

आईकडे दुर्लक्ष नको

जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी आईच्या चिकातून पिल्लांना रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. बाहेरच्या दुधात ती नसतात. म्हणून आई जिवंत आणि जवळ असेल तर तिला पोसणे हाच पिल्लांना पोसण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुपटीहून अधिक आहार लागतो. शिजवलेले, काटे काढलेले मासे, मिठाविना उकडलेले चिकन, अंडे किंवा पिल्लांसाठीचे तयार खाद्य आणि भरपूर स्वच्छ पाणी तिला द्यावे. हे खाद्य पिल्लांपासून थोडे दूर ठेवावे, म्हणजे मुंग्या आणि बोके तिकडे फिरकत नाहीत.

आचळ लाल, गरम व कठीण होणे, अंग थरथरणे, धाप लागणे, दुर्गंधीयुक्त स्राव होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. थरथर हे शरीरातील कॅल्शियम घटल्याचे लक्षण असू शकते आणि त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो. घरातील पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला कदापि देऊ नये. ती तिच्यासाठी विष आहे. जिने धुण्याचे फिनाइलही मांजरांना अपायकारक असते. ते पायांना लागते आणि चाटल्यावर पोटात जाते.

आठ आठवड्यांचे गणित

सात ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्नाची ओळख करून देता येते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतांचे औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांनी आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी दिली जाते. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळतानाच चावणे कुठे थांबवायचे हे ते शिकते. महिन्याभराचे पिल्लू हौसेने घरी नेले जाते आणि पुढे ते चावते म्हणून सोडून दिले जाते, याचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. पिल्ले तुटल्यावर तिचे निर्बीजीकरण केले नाही तर काही महिन्यांत तोच खोका, तोच आवाज आणि तोच वाद पुन्हा उभा राहतो. मुंबई महापालिकेने २०१९ पासून मांजरांचे निर्बीजीकरण हाती घेतले. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनीही केवळ कुत्र्यांचाच नव्हे, तर मांजरांचाही विचार केला आहे. ठाणेकरांना खासगी पशुवैद्यक आणि प्राणिमित्र संस्थांचा आधार आहे. गंभीर उपचारांसाठी परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय लोकलच्या अंतरावर आहे.

पिल्ले गोणीत भरून दूर सोडून येणे हा मात्र उपाय नव्हे. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे.

हे ध्यानात ठेवा

* पिल्ले उबदार व शांत असतील तर हात लावू नका, दुरून पाहा.

* गार पिल्लाला आधी ऊब द्या, मगच दूध.

* पार्किंगमधून गाडी काढण्यापूर्वी चाकांजवळ आणि बॉनेटखाली पाहून घ्या.

* गर्भवती महिलांनी मांजराची विष्ठा साफ करणे टाळावे. त्यातून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो.

* मांजर चावल्यास वा तिने ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्वरित डॉक्टरांकडे जा.

* आई आणि पिल्ले एकत्रच ठेवा; हलवायची वेळ आली तर सगळ्यांना एकाच वेळी हलवा.