शिक्का सेरेब्रल पाल्सीचा, आजार दुसराच

माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या फायलीवर ‘सेरेब्रल पाल्सी’ लिहिलेलं असतं. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. फाइल उघडण्याआधी आईला विचारते, “गेल्या वर्षी याहून बरा चालायचा का?” सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत जात नाही. वेळेवर चालायला लागलेलं पोर पाचव्या वर्षी झोकांड्या खायला लागलं, तर तो शिक्का पुन्हा तपासायला हवा.

मग मी चेंडू बाजूला धरते. आपले आधी डोळे वळतात, मग मान. काही मुलं आधी मान झटकन वळवतात, डोळे मागून येतात. त्यातच डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल, नागमोडी केशवाहिन्या दिसल्या, की मला अटॅक्सिया टेलँजिएक्टेशियाची शंका येते. घरचे तोवर डोळे आले समजून थेंब घालत असतात.

डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले, की एटीएम हे प्रथिन पेशीचं विभाजन थांबवतं आणि दुरुस्तीची यंत्रणा हलवतं. त्याचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. 1995 मध्ये तेल अवीवच्या योसेफ शिलोह यांच्या गटाने ते ओळखलं. आई आणि वडील, दोघांकडून बिघडलेली प्रत आली की हा आजार होतो. एटीएमविना तुटका डीएनए घेऊनच विभागत राहणाऱ्या रक्तपेशींतून कर्करोग उद्भवू शकतो. लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशी मात्र मरत जातात, आणि त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. बरीच मुलं दहाव्या वर्षाच्या आसपास व्हीलचेअरवर येतात.

क्ष-किरणांनी डीएनए तुटतो. 1960च्या दशकात अशा मुलांना कर्करोगासाठी नेहमीच्या मात्रेत रेडिएशन दिलं, तेव्हा त्यांना भयंकर इजा झाल्या. म्हणून शंका आली की विनाकारण सीटी स्कॅन नको. दोन वर्षांपुढच्या मुलाच्या रक्तात अल्फा-फिटोप्रोटीन वाढलेलं आहे का, हे आधी बघावं. साधी रक्ततपासणी आहे; ती इतक्या उशिरा का सुचते, याचा मला राग येतो.

नात्यातल्या नवरा-बायकोकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता जास्त, आणि मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही. झालेल्या लग्नावर प्रवचन देण्यात अर्थ नाही. पुढच्या प्रत्येक मुलाला 25 टक्के धोका आहे आणि नेमका बिघाड सापडला तर गरोदरपणी तपासता येतं, एवढं मी सांगते.

आईशी वेगळं बोलते. एकच बिघडलेली प्रत असलेल्या बायकांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. “तुमची तपासणी केलीत का?” असं दर भेटीत विचारते. “याची फिजिओ संपली की बघू,” म्हणतात.