अंगठा आणि आकडा

पोलीस झडतीला आले, तर कपाटाची किल्ली द्यावीच लागते का? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. बंद जागेचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने झडतीला वाट करून द्यावी. न दिल्यास पोलिसांना दार फोडता येते. बँकेत असताना आम्हालाही हे पाठ होते. खातेदाराची किल्ली मिळाली नाही तरी लॉकर पंचांसमक्ष फोडता येतो. पण लपवलेली वस्तू कुठे आहे, हे आरोपीच्या तोंडून वदवून घेता येते का? तो प्रश्न वेगळा.

आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, असे राज्यघटनेचे कलम 20(3) सांगते. ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी त्याचा अर्थ लावला. त्यांत आपले गजेंद्रगडकर होते आणि मुधोळकरही. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष नव्हे. स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट सांगणे ही साक्ष, असा तो निवाडा. आरोपीने दाखवलेल्या जागेतून माल निघाला, तर त्याचे तेवढे निवेदन पुराव्यात येते. मात्र ते सक्तीने घेतलेले नसावे. पुढे 1978 साली नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात हे संरक्षण पोलीस ठाण्यातल्या चौकशीलाही लागू असल्याचे न्यायालयाने सांगितले.

आता कपाट खिशात आले आहे आणि त्याची किल्ली डोक्यात. पासवर्ड सांगणे ही साक्ष नव्हे, न्यायालय तसा आदेश देऊ शकते, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये नेमके उलट मत दिले: आरोपीवर त्यासाठी जबरदस्ती करता येणार नाही. मला दिल्लीचे मत पटते. आमचा बेलपाडा पनवेल तालुक्यात, मुंबई उच्च न्यायालयाच्या छायेत. त्यामुळे यांतला एकही निकाल इथे थेट बंधनकारक नाही.

अंगठ्याची गोष्ट त्याहून गमतीची. सही न येणाऱ्या खातेदारांना लोक अंगठेबहाद्दर म्हणत. आज आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून माझ्या वयाची शिकलेली मंडळीच फोनला अंगठा लावतात. आणि 1961 चा निवाडा पाहिला तर अंगठ्याला संरक्षण नाही! दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयाने 2022 मध्ये हाच भेद केला: पासवर्डची सक्ती नाही, बोटाची करता येते.

गप्प राहणे एक आणि पुसून टाकणे दुसरे. पोलीस दारात असताना फोनमधला मजकूर नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा ठरू शकतो. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 69 आहेच. सरकारच्या सक्षम अधिकाऱ्याने रीतसर आदेश दिल्यावर सांकेतिक मजकूर उलगडायला मदत नाकारली, तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 1 जुलै 2024 पासून झडतीचे चित्रीकरणही बंधनकारक आहे. जप्तीची यादी पंचांच्या सह्यांनिशी होते; तिची प्रत घरच्यांनी मागून घ्यावी.

आपल्या घरांत पासवर्ड वाटलेले असतात. मुलाचा आईला ठाऊक, आजोबांचा नातीला. कलम 20(3) चे कवच मात्र फक्त आरोपीला. मुलगा आरोपी असेल आणि पोलिसांनी आईला विचारले, तर स्वतः गुन्ह्यात अडकण्याची भीती नसलेल्या आईला खरे उत्तर देणे भाग आहे.