नोंदवही बंद करण्यापूर्वी

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी एक नियम लागू होतो : वर्षभरात ज्या वस्तूला कोणी हात लावला नाही, ती माळ्यावरून खाली आणि तेथून भंगारवाल्याकडे! हात कधी लावला याची नोंद घरात सौभाग्यवतींच्या डोक्यात असते. संगणकात ती चक्क लिहिलेली असते. ती नोंद मी एकदा बंद केली, त्याची ही हकीकत.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणकप्रणालीचा पाया घातला. या घराण्याची एक जुनी रीत अशी, की प्रत्येक फाइलीपाशी ती शेवटी केव्हा बदलली आणि शेवटी केव्हा वाचली, अशा वेळा टिपून ठेवायच्या. ग्रंथपालाने कोणी पुस्तक नुसते चाळले तरी वहीत वेळ लिहावी, तसेच हे! पुढे १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सनेही ही रीत चालवली. रीत चांगली, पण खर्चिक. दहा हजार फाइली नुसत्या वाचल्या, तरी दहा हजार नोंदी बदलायच्या आणि आज ना उद्या तबकडीवर उतरवायच्या. म्हणजे वाचणाऱ्यालाही लिहिण्याचा भुर्दंड!

२००८ साली एका कचेरीतील संगणकांची देखभाल माझ्याकडे होती. सर्व्हर फार रेंगाळतो, अशी तक्रार होती. वाचनाची नोंद साफ बंद करण्याची सोय लिनक्समध्ये होतीच. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी ती वापरली. कामाचा वेग वाढला आणि चार लोकांनी माझी पाठ थोपटली.

दसरा झाला, बोनसचे हिशेब निघाले, आणि एका सकाळी हिशेबखात्यातल्या बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. ज्या तक्त्यावरून त्या सगळे हिशेब बसवीत, तो नाहीसा झाला होता! शोध घेता उलगडा झाला. ३० दिवसांत न उघडलेल्या फाइली काढून टाकणारा एक झाडूवाला कार्यक्रम आमच्याकडे रोज रात्री चाले. तो बघे वाचनाची वही. आणि ती वही तर मी मिटून ठेवलेली!

“अहो, रोज सकाळी उघडते मी तो तक्ता,” बाई म्हणाल्या, “मग न वापरलेला कसा?”

मला उत्तर देता येईना. तक्त्याची दुसरी प्रत ठेवली नव्हती, हा माझा आणखी एक अपराध. जुन्या छापील कागदांवरून बाईंनी दोन रात्री जागून तो पुन्हा तयार केला. बोनस वेळेवर झाला, पण त्यांच्या घरचा फराळ त्या वर्षी विकतचा होता.

गंमत अशी, की याच प्रश्नावर लिनक्सचे कर्ते आधीपासून डोके चालवीत होते. वही जड होते हे त्यांनाही मान्य होते. पण तिच्यावर कोण कोण विसंबून आहे, हे त्यांनी पाहिले. टपालपेटीची फाइल वाचल्यानंतर बदलली असेल तर ‘नवे पत्र आले’ असे सांगणारे कार्यक्रम होते, आणि आमच्यासारखे झाडूवालेही होते. म्हणून २००७ साली ‘रेलएटाइम’ नावाची तडजोड निघाली : फाइल बदलल्यानंतरचे पहिले वाचन तेवढे नोंदवायचे. पुढे तिला जोड मिळाली, की शेवटची नोंद २४ तासांहून जुनी झाली असेल तर नवी करायची. जून २००९ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.३० आवृत्तीत हीच नित्याची रीत ठरली, आणि जुनीच हवी असणाऱ्यांसाठी जुनीही ठेवली. लिखाणाचा भार उतरला, टपालाची वर्दी चुकली नाही. रोज उघडला जाणारा बाईंचा तक्ता या रीतीने सुखरूप राहिला असता.

रीत जुनी होती आणि बदलायलाही हवी होती, हे मी आजही म्हणतो. माझी चूक एवढीच, की वही मिटताना ती कोण वाचते हे मी विचारले नाही.

आता दिवाळीत माळा आवरताना एखादा डबा हाती आला, की मी खालून ओरडून विचारतो, “अगं, हा लागतो का?” दहांतल्या नऊ वेळा “नाही” असे उत्तर येते. त्या दहाव्या वेळेसाठी विचारायचे.