तारेच्या खांबावरची काच

मन्सी (इंडियाना), अमेरिका



इकडे एखाद्या घराच्या खिडकीत निळसर-हिरव्या काचेच्या टोप्यांची रांग दिसली की समजावं, घर इन्सुलेटर जमवणाऱ्याचं. तारयंत्राची तार जिला बांधत, तीच ही टोपी, म्हणजे इन्सुलेटर. आपल्या यवतमाळच्या शकुंतला रेल्वेच्या वाटेवर ती पांढऱ्या चिनीमातीची असायची आणि पोरांच्या गुलेरीला नेमकी तीच सापडायची. इथल्या पोरांनी तर बंदुकाही चालवल्या. त्यामुळे धड टोपी आणि टवका उडालेली टोपी यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक.

हे गाव या छंदाची पंढरी. १८८०च्या दशकात इथे जमिनीखाली वायू लागला. भट्टीचं इंधन जवळजवळ फुकट म्हटल्यावर हेमिंग्रे कंपनी १८८८ मध्ये केंटकीतून इथे आली. वायू लवकरच सरला, कारखाना टिकला. १९३३ मध्ये तो ओवेन्स-इलिनॉयकडे गेला आणि १९६७ पर्यंत टोप्या ओतत राहिला.

टोपी उलटी करून आत बोट घातलं की आटे लागतात. लुई कॉव्हेचं ते पेटंट १८६५ चं. त्याआधीची टोपी लाकडी खुंटीवर नुसती बसवलेली; वाऱ्याने, तारेच्या ओढीने निघून यायची. म्हणून बिनआट्याची टोपी हाती आली की संग्राहक दोन्ही हातांनी धरतो. काठाखाली बारीक दाण्यांची ओळ असते, पावसाचं पाणी थेंबाथेंबाने गळावं म्हणून. ते पेटंट १८९३ चं.

पण इथल्या माणसाचा खरा शौक मला वर्गवारीचा वाटतो. एन. आर. वुडवर्ड या गृहस्थांनी टोप्यांना आकारावरून क्रमांक दिले. कारखाना कुठलाही असो, आकार तोच तर क्रमांक तोच. हेमिंग्रे-४२ हिचा क्रमांक १५४. ती उदंड निघाली, आजही दोन-चार डॉलरला मिळते. एखादा दुर्मीळ रंग मात्र हजारो डॉलरला जातो. मँगनीज असलेली काच उन्हात वर्षानुवर्षं राहून जांभळी होते. काही लबाड तोच रंग किरणोत्सर्गाने आणतात आणि नवखा फसतो.

१९७३ पासून या संग्राहकांची राष्ट्रीय संघटना आहे, अधिवेशनं भरतात. त्यांची आठवण म्हणून बोटभर उंचीच्या प्रतिकृती ओततात. खांब कधी न पाहिलेल्या या पिटुकल्यांचाही मग संग्रह होतो! इथे मात्र मला हसू आवरत नाही.

एक शिस्त चांगली. रूळ ओस पडले तरी खांब रेल्वे कंपनीचा. विचारल्याशिवाय टोपी काढली तर ती चोरीच. तेव्हा शकुंतलेच्या वाटेवर दारव्ह्याकडच्या खांबांना हात लावू नका. भंगारवाल्याकडे चिनीमातीची टोपी दिसली, तर घेण्याआधी तिच्यावरचा शिक्का पुसून वाचा: कारखाना कुठला, साल कोणतं. इथली माणसं मला पहिल्यांदा हेच विचारतात.