मदतीचा अर्ज आणि घराची अब्रू

दहावी-बारावीचे निकाल लागले की मोहल्ल्यात दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरात मिठाई वाटली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून प्रवेशाची धावपळ सुरू होते. दुसऱ्या घरातही मिठाई वाटली जाते, पण रात्री आईवडील हळू आवाजात फीचा आकडा बोलतात आणि ठरते की मुलगी यंदा घरीच थांबेल, पुढच्या वर्षी पाहू. ते पुढचे वर्ष सहसा येत नाही.

गावात मदत करणारा ट्रस्ट असतो, त्याच्याकडे जकात आणि देणग्यांचा पैसाही असतो. तरीही या घरातून अर्ज जात नाही. कारण एकच सांगितले जाते, "लोक काय म्हणतील?" आम्ही काही जण दर रविवारी असरच्या नमाजनंतर बसून असे अर्ज विनामूल्य भरून देतो. त्या कामात जे दिसले, ते या लेखात मांडत आहोत.

मागणे कधी जायज?

आपल्या दीनने भीक मागण्याला नापसंत केले आहे, हे खरेच. पण खऱ्या गरजेची दारे बंद केलेली नाहीत. सहीह मुस्लिममध्ये हजरत कबीसा (रजि.) यांची हदीस आहे. त्यांनी दुसऱ्याच्या कर्जाची जबाबदारी घेतली होती आणि ते मदतीसाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. प्रेषितांनी त्यांना तीन प्रकारच्या माणसांना मागणे जायज असल्याचे सांगितले: दुसऱ्याची जबाबदारी अंगावर घेतलेला, आपत्तीत मालमत्ता गमावलेला आणि उपासमारीची वेळ आलेला. तिसऱ्याच्या बाबतीत त्याच्याच लोकांपैकी तीन समंजस माणसांनी साक्ष द्यावी, असेही सांगितले.

आजचे ट्रस्ट जमातीचे किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठितांचे शिफारसपत्र मागतात, तेव्हा अनेकांना अपमान वाटतो. ही हदीस लक्षात ठेवली तर तसे वाटणार नाही. साक्ष मागणे म्हणजे संशय घेणे नव्हे. दुसऱ्याची अमानत योग्य हाती पडावी, एवढीच त्यामागची काळजी.

पैसा कोणत्या खात्यातला?

ट्रस्टच्या फॉर्मवर घरातल्या सोन्याबद्दल विचारलेले असते. काही फॉर्मवर "आपण सय्यद आहात का?" असाही प्रश्न असतो. हे प्रश्न उगाच नसतात. सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत जकातचे आठ हकदार सांगितले आहेत. ज्याच्याकडे गरजा आणि कर्ज वजा जाता 612.36 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता उरते, तो हनफी मतानुसार जकात घेऊ शकत नाही. सय्यद घराण्यालाही बहुतेक उलेमा जकात देत नाहीत.

याचा अर्थ अशा घरांना मदतच मिळणार नाही, असा नाही. ट्रस्टकडे बहुधा लिल्लाह आणि साध्या देणग्यांचे वेगळे खाते असते. म्हणून आईच्या कपाटात दोन बांगड्या असतील तर त्या लपवू नयेत. खरे लिहिले तर अर्ज दुसऱ्या खात्यात जाईल. खोटे लिहून जकात घेतली तर हकदाराचा हिस्सा आपल्या घरात येईल.

नाव एकच हवे

आमच्याकडे येणारे किती तरी अर्ज गरिबी सिद्ध न झाल्याने नव्हे, तर नावामुळे अडतात. आधारवर "शेख", गुणपत्रिकेवर "शैख". एका ठिकाणी "मोहम्मद", दुसऱ्या ठिकाणी नुसते "मो." आईचे नाव रेशनकार्डावर "बी" लावून आणि बँकेत "बेगम" लावून. निकालाची वाट न पाहता आधीच्या उन्हाळ्यातच सगळे कागद एका ठिकाणी ठेवून नावे जुळवून पाहावीत. फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे.

फाईलमध्ये सहसा हे कागद लागतात: आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मागील गुणपत्रिका, बोनाफाईड, फीचा तपशील आणि पासबुकाची झेरॉक्स. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली नाही ना, हे आधी पाहावे. मूळ कागद कोणाकडेही देऊ नयेत आणि दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. मंजूर रकमेतून टक्केवारी मागणारा मध्यस्थ भेटला, तर थेट ट्रस्टच्या कार्यालयात जावे.

पत्रात रडगाणे नको, हिशोब हवा

"आम्ही फार गरीब आहोत, अल्लाह तुमचे भले करो" एवढ्यावर विश्वस्तांना निर्णय घेता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: वर्षाची फी 42,000 रुपये. आमच्याकडे 15,000 आहेत. मामा 10,000 देत आहेत. 17,000 कमी पडतात. रक्कम कॉलेजच्या नावे चेकने दिली तरी चालेल.

या चार-पाच वाक्यांत घराची अब्रूही राहते आणि विश्वस्तांचे कामही सोपे होते. स्वतः किती उभे केले हे सांगणारा अर्जदार लाचार वाटत नाही. दुसऱ्या ट्रस्टकडेही अर्ज केला असेल तर तेही लिहावे. एकाच फीसाठी दोनदा पैसे घेतले की एका मुलाची जागा जाते.

दवाखान्याचे बिल

उपचारासाठी अर्ज करण्याआधी दवाखाना धर्मादाय आहे का, ते विचारावे. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते. ती रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे किंवा धर्मादाय आयुक्त कार्यालयात विचारावी. आधी ही सवलत घ्यावी आणि उरलेल्या रकमेसाठी ट्रस्टकडे जावे.

मोहल्ल्यासाठी अर्ज

अभ्यासिका, शिवणवर्ग किंवा वाचनालय यांसाठीही ट्रस्ट मदत करतात. मात्र अशा कामाला बहुतेक उलेमांच्या मते जकात चालत नाही, म्हणून अर्जातच देणगी खात्यातून मदत मागावी. इथे एका माणसाच्या नावाने अर्ज चालत नाही, नोंदणीकृत संस्था लागते. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि आपल्या राज्यात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. नोंदणीपत्र, घटना, कार्यकारिणीचा ठराव, संस्थेचे पॅन व बँक खाते आणि मागील वर्षांचे ऑडिट एवढे तयार हवे. नवीन गटाने गावातल्या एखाद्या नोंदणीकृत शाळेला किंवा संस्थेला सोबत घेऊन सुरुवात करावी.

विश्वस्त एक प्रश्न हमखास विचारतात: "टेबल-खुर्च्या आम्ही देऊ, पण पुढच्या वर्षीचे लाईटबिल कोण भरणार?" याचे उत्तर अर्जातच असावे. चाळीस घरांनी महिन्याला वीस रुपये द्यायचे ठरवले, तर 800 रुपये जमतात. असा ठराव सह्यांनिशी जोडला की अर्जाचे वजन वाढते.

विश्वस्तांनाही दोन शब्द

मदत मिळालेल्या घराने पावती, गुणपत्रिका आणि खर्चाचा हिशोब न मागता नेऊन द्यावा. पण विश्वस्तांचीही जबाबदारी आहे. चेक घेताना खाली मान घातलेल्या मुलीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तेव्हा पुढच्या वर्षी दहा घरे अर्ज करायचे थांबतात. सूरह बकरामध्ये उपकार बोलून दाखवून सदका वाया घालवू नये, अशी ताकीद आहे आणि गुपचूप दिलेले अधिक चांगले म्हटले आहे. किती मुलांना किती रक्कम दिली, हे ट्रस्टने जरूर जाहीर करावे, मात्र चेहरे दाखवू नयेत. आणि अर्जदारानेही अर्जाच्या शेवटी संकोच न करता एक ओळ लिहावी: "कृपया नाव व फोटो प्रसिद्ध करू नये." ही विनंती करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.