मुंबईचा हेमंत आणि वस्त्रांचे स्तर

हेमंत व शिशिर ऋतूंतील आहाराविषयी आपण वैद्यमंडळी रुग्णांशी भरपूर बोलतो. तीळ, डिंकाचे लाडू, अभ्यंग, च्यवनप्राश हे सर्व केसपेपरवर येते. वस्त्रांविषयी मात्र 'उबदार कपडे घाला' यापलीकडे आपण सहसा जात नाही. त्यातही मुंबईत थंडी असते तरी कुठे, हा समज आपल्याही मनात घर करून बसलेला असतो. आमचाही तसाच होता. तो दूर होण्यास वरळीतील एक रुग्णा कारण झाली.

साठीच्या पुढची ही मासळीविक्रेती दरवर्षी पौष-माघात कास व श्वास घेऊन येत असे. छातीच्या तज्ज्ञांनी दिलेला पंप चालूच होता. सलग दोन हिवाळे आम्ही सितोपलादि, वासा, दशमूल यांची योजना केली. उपशय मिळे, पण टिकत नसे. तिसऱ्या वर्षी विचारले, 'मावशी, पहाटे निघताना अंगात काय घालता?' सुती पोलक्यावर ॲक्रिलिकचा जाड स्वेटर, गळ्यापर्यंत बंद. पहाटे चारच्या सुमारास ससून डॉक गाठायचे, लिलावाच्या गर्दीत टोपल्या उचलायच्या. तोवर स्वेटरखाली पोलके घामाने चिंब. मग उकडते म्हणून स्वेटर काढून उघड्या टेम्पोत बसायचे आणि ओल्या पाठीवर वारा घेत परत यायचे. निदानपंचकातील पहिले अंग 'निदान'. तेच विचारायचे आम्ही दोन वर्षे विसरलो होतो.

मुंबईच्या थंडीचे स्वरूप येथे लक्षात घ्यावयास हवे. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ येथे ७.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याच दिवशी समुद्रालगतच्या कुलाब्यास ते ११.७ होते. असे दिवस विरळाच. परंतु सर्वसाधारण जानेवारीतही सांताक्रूझचे किमान तापमान सतराच्या आसपास, तर कमाल एकतीसच्या आसपास असते. म्हणजे एकाच दिवसात चौदा अंशांचे अंतर. किनाऱ्यावर हे अंतर काहीसे कमी असले तरी वाऱ्याची भर पडते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे आणि दुपारनंतर उलट दिशेने खारे वारे वाहतात. अशा ठिकाणी केवळ थंडीपेक्षा एका अहोरात्रात होणारा हा पालट शरीरास अधिक त्रास देतो.

ग्रंथांकडे वळू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात हेमंतासाठी गुरु व उष्ण वस्त्रे सांगितली आहेत. वाग्भटाचार्य मात्र अष्टांगहृदयात शयनाच्या वेळचे प्रावरण उष्ण स्वभावाचे आणि लघु असावे असे म्हणतात. एक वचन वस्त्राविषयी व दुसरे पांघरुणाविषयी आहे, त्यामुळे त्यांत विरोध मानण्याचे कारण नाही. तरीही वाग्भटांच्या शब्दयोजनेवरून एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. उष्णत्व हा द्रव्याचा स्वभाव आहे, भाराचा नव्हे. शिवाय देशविचार सुटता कामा नये. वरळी हा समुद्राने वेढलेला आनूप देश, वातकफप्रधान. जांगल देशात जे जाड वस्त्र ऊब देईल, तेच येथे क्लेद कोंडून ठेवील.

आधुनिक भौतिकशास्त्रही याच्याशी जुळते. कापड स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तंतूंमध्ये व दोन कपड्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ वस्त्रे पुष्कळदा अधिक ऊब देतात. हीच हवेची जागा घामाने भरली की खेळ बिघडतो, कारण पाण्याची उष्णतावहनक्षमता हवेच्या सुमारे २४ पट असते. त्यात बाष्पीभवनाने अंग आणखी गार पडते. सूत घाम शोषते पण लवकर सुकत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के आर्द्रता घेऊनही ओली भासत नाही. आपल्या आजीची गोधडी म्हणजे तरी काय? जुन्या लुगड्या-धोतरांचे थर दोऱ्याने टाचून मध्ये हवा धरून ठेवणे. चौघडी हे नावच घड्यांवरून आलेले आहे. धनगरांची घोंगडी या विषयात कोणाहून कमी नाही. फक्त ती घालून लोकलमध्ये चढता येत नाही!

आता प्रत्यक्ष योजना. अंगालगत घट्ट नसलेला, घाम टिपणारा पातळ कपडा, म्हणजे गंजीफ्रॉक किंवा सुती पोलके. श्रम करणाऱ्याने याचा एक कोरडा जोड पिशवीत ठेवलाच पाहिजे. त्यावर हाफ स्वेटर वा बंडी. लोकरीची मिळाल्यास उत्तम. सर्वांत बाहेर वारा अडवणारे पातळ जॅकेट, पुढून उघडणारे. डोक्यावरून ओढून काढावयाचा स्वेटर गर्दीत कोणी काढत नाही, हा अनुभव आहे. कान व मान यांसाठी मफलर किंवा ओढणी. घाम येण्यापूर्वी, अंग नुसते तापू लागताच, एक वस्त्र उतरवावे. श्रम थांबताच पुन्हा घालावे. रुग्णांना हे एकच वाक्य सांगितले तरी अर्धे काम होते. वातप्रकृतीच्या कृश व्यक्तीस मधले वस्त्र अधिक काळ लागेल, पित्तप्रकृतीची व्यक्ती ते लवकर उतरवील. अभ्यंगाने त्वचेचे रौक्ष्य कमी होते, परंतु तो वस्त्राचा पर्याय नव्हे.

दोन वयोगटांत विशेष सावध राहावे. वृद्धांना थंडीची जाणीव उशिरा होते, म्हणून त्यांना 'थंडी वाजते का?' असे विचारून भागत नाही. हातपाय व पोट स्पर्श करून पाहावे. मधुमेही वृद्धांच्या बधिर पायांस गरम पाण्याची पिशवी देऊ नये, मोजे द्यावेत. अर्भकांच्या बाबतीत चूक नेमकी उलट होते. माकडटोपी, दोन स्वेटर व वर दुपटे अशा अवस्थेत आणलेले बाळ किरकिरते, ते पुष्कळदा उकाड्याने. त्याच्या मानेमागे हात लावून पाहावे. तेथे घाम असल्यास एक कपडा कमी करावा. झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी व तोंडाजवळ सैल पांघरूण तर मुळीच नको.

गिरण्या चालू असताना सूत तुटू नये म्हणून साळखात्यात हवा दमट ठेवीत. पाळी सुटल्यावर घामेजलेला कामगार थेट रात्रीच्या वाऱ्यात येई. आज गिरणगावात जेथे काचेच्या इमारती उभ्या आहेत, तेथे वातानुकूलनामुळे वैशाखातही आत हेमंत व बाहेर ग्रीष्म असतो. या मंडळींनाही पातळ बंडी खुर्चीवर कायम ठेवण्यास आम्ही सांगतो.

ऋतू पालटताना आधीच्या ऋतूचा शेवटचा व पुढच्या ऋतूचा पहिला आठवडा हा ऋतुसंधी. त्यात पूर्वीचा विधी क्रमाने सोडावा, असे शास्त्र सांगते. वस्त्रांनाही तोच नियम लावता येतो. शिशिरात साचलेला कफ वसंतात प्रकुपित होत असताना एके दिवशी सर्व गरम कपडे पेटीत टाकणे बरे नव्हे. प्रथम दुपारचे मधले वस्त्र कमी करावे, मग पहाटेचे. कानांवरचे सर्वांत शेवटी.

आमच्या रुग्णेने स्वेटर नातीला देऊन टाकला. आता पोलक्यावर मुलाचा जुना लोकरी हाफ स्वेटर, त्यावर विंडचीटर आणि टोपलीसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे पोलके असते. पंप चालू आहे, तो आम्ही बंद करविलेला नाही. औषधेही तीच आहेत. गेल्या माघात ती एकदाच आली, तीही गुडघा दाखवायला.