रक्तपेढीतून ‘नाही’ म्हणताना

रक्तपेढीत रात्री फोन वाजला की पलीकडचा माणूस घाईत असतो आणि त्याची घाई खरी असते. पेशंट टेबलावर आहे, रक्तस्राव थांबत नाही, नातेवाईक जिन्यात खोळंबलेत. अशा वेळी पंचविशी ओलांडलेल्या एका पीजी डॉक्टरला, ज्या पेशंटचं तोंडही पाहिलेलं नाही त्याच्यासाठी, ‘ही बॅग देता येणार नाही’ असं सांगावं लागतं. बेळगावातल्या एका टीचिंग हॉस्पिटलात मी या मुलामुलींना शिकवते. इम्युनोहिमॅटॉलॉजी अँड ब्लड ट्रान्सफ्यूजन असं लांबलचक नाव असलेला हा तीन वर्षांचा एम.डी. अभ्यासक्रम. त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट माझ्या मते हीच: ठामपणे नाही म्हणायचं आणि त्याच दमात ‘मग काय देता येईल’ हेही सांगायचं.

हा विषय स्वतंत्रपणे शिकवावा, असं आपल्या व्यवस्थेला फार उशिरा वाटलं. आमच्या पिढीत रक्तपेढी म्हणजे पॅथॉलॉजीतली एक पोस्टिंग. ज्याला ती मिळे तो महिने मोजत असे. 4 जानेवारी 1996 रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांची पद्धत दोन वर्षांत बंद करा, हे त्यातलं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. विद्यापीठांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत या शास्त्राचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू व्हावेत, हेही त्याच निकालात होतं. आज माझ्यासमोर बसणारी मुलं त्या ओळीमुळे बसली आहेत.

पहिला धडा पुस्तकात सापडत नाही. तो नावांचा. निपाणीकडून आलेल्या बाईच्या कागदावर तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. गोकाककडच्या बाईच्या कागदावर आधी इनिशियल. रेफर केलेल्या चिठ्ठीत स्पेलिंग एक, आमच्या केसपेपरवर दुसरं, वॉर्डच्या रजिस्टरात कानडीत तिसरंच. त्यात अर्ध्या जिल्ह्याचं आडनाव पाटील!

एका रात्री लेबर रूममधून सॅम्पल आलं. बाळंतपणानंतर रक्तस्राव, दोन बॅगा तातडीने हव्या होत्या. ग्रुप निघाला बी पॉझिटिव्ह. ड्यूटीवरच्या पीजीने सवयीने जुनं रेकॉर्ड काढलं. त्याच नावाच्या बाईचा ग्रुप चार महिन्यांपूर्वी आमच्याकडेच ए पॉझिटिव्ह नोंदलेला होता. पीजीने पुन्हा ट्यूब लावली. सेंट्रिफ्यूजमधून काढून ट्यूब हळूच तिरकी केली की पेशींचा गोळा एकतर गुठळीसारखा घट्ट सुटतो, नाहीतर धुरासारखा विरतो. पुन्हा बी. म्हणजे टेस्ट बरोबर होती. ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या कुणाचं तरी होतं, किंवा जुनी नोंद दुसऱ्या कुणाची तरी होती.

फोनवर पलीकडून आवाज चढला. ‘पेशंट गेली तर जबाबदारी कुणाची?’ पीजी म्हणाली, ‘सर, बी देत नाही. ओ पॉझिटिव्हच्या दोन पॅक्ड सेल आत्ता पाठवते. तोवर नवीन सॅम्पल मी स्वतः येऊन घेते.’ ती जिने चढून वर गेली तेव्हा शेजारशेजारच्या खाटांवर एकाच नावाच्या दोन पाटील बायका होत्या. एक निपाणीची, एक हुक्केरीकडची. घाईत ट्यूब भरली होती एकीची, लेबल लागलं होतं दुसरीचं. ए ग्रुपच्या पेशंटला बी ग्रुपच्या पेशी चढल्या असत्या, तर पहिल्या काही मिलिलिटरांतच तिच्या रक्तात त्या फुटायला लागल्या असत्या. आधीच अशक्त झालेल्या बाईची किडनी ते कसं सोसणार?

नोंद करताना पीजीला नर्सचं नाव लिहायचं होतं. मी लिहू दिलं नाही. दोन सारखी नावं शेजारी ठेवली कुणी, लेबल आधी चिकटवून ठेवायची सवय लागली कशी, हे लिही म्हटलं. त्यानंतर त्या वॉर्डात सारख्या नावाच्या पेशंटच्या फाइलवर लाल पट्टी लागली. ट्यूब भरल्यावर खाटेपाशीच, पेशंटला नाव विचारून लेबल लावायचं, हा नियम पुस्तकात पहिल्यापासून होताच. तो आता पाळला जातो.

दुसरा किस्सा सीमाभागातल्या नात्यांचा. गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलेल्या एका बाईंचा ग्रुप ओ आला, पण लावली ती प्रत्येक ओ बॅग जुळेना. हरियाणातून आलेला आमचा एक पीजी रात्री अकरा वाजता माझ्या दारात. ‘मॅडम, सगळ्याच बॅगा इनकम्पॅटिबल.’ मी विचारलं, ‘तिच्याच सीरममध्ये तिच्याच पेशी टाकून बघितल्यास?’ बघितल्या होत्या. तिथे काहीच नाही. स्वतःच्या पेशींशी भांडण नाही, बाकी सगळ्या जगाशी आहे, एवढं दिसल्यावर डोक्यात एकच नाव यायला हवं. ते आलं होतं, फक्त उच्चारायचा धीर होत नव्हता. बॉम्बे ग्रुप.

ए आणि बी हे अँटिजेन ज्या पायावर उभे राहतात, तो एच अँटिजेनच या लोकांत नसतो. त्यामुळे साध्या तपासणीत ते ओ दिसतात, पण ओ रक्तही त्यांना चालत नाही. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे मुंबईतून जगाला कळवलं. युरोपात असा माणूस दहा लाखांत एखादा. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक. खात्री करायला युलेक्स युरोपियस नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क लागतो. हे झुडूप युरोपातलं, आता निलगिरीच्या डोंगरांत तणासारखं माजलंय. आमच्या फ्रीजमध्ये त्याची छोटी बाटली असते. त्या अर्कात साध्या ओ पेशींच्या गुठळ्या झाल्या, या बाईंच्या पेशी तशाच सुट्या राहिल्या. सॅम्पल मुंबईला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेकडे गेलं आणि शिक्कामोर्तब झालं.

आता नातेवाईक शोधायचे. आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक भावंडात हा ग्रुप असायची शक्यता चारात एक. पीजी वंशावळ लिहायला बसला. ‘मावशी, तुमच्या आईवडिलांचं लग्नाआधीचं काही नातं?’ बाई सहज म्हणाल्या, ‘आईचे सख्खे मामाच की ते.’ त्याचं पेन थांबलं. त्याच्या गावात एका गोत्रातही लग्न होत नाही. इथे मामा-भाचीचं, मामेबहीण-आतेभावाचं लग्न घरोघरी झालेलं. मी त्याला बाहेर नेऊन सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, त्या बाईंच्या आईवडिलांनी कुठलाही गुन्हा केलेला नाही. पण एच नसल्याचा जनुक दोन्हीकडून येऊन भेटायला अशी घरं सोपी वाट करून देतात, हे त्याला त्या रात्री जितकं कळलं तितकं माझ्या व्याख्यानातून कळलं नसतं.

ऑपरेशन पुढे ढकललं. लोहाचं इंजेक्शन देऊन बाईंचं हिमोग्लोबिन वर आणलं, त्यांचंच रक्त आधी काढून त्यांच्यासाठी ठेवलं. एक भाऊही त्याच ग्रुपचा निघाला. तो तवंदी घाट ओलांडून पहाटेच्या एसटीने आला आणि तपासणीच्या आधीच बाही वर करून बसला. त्याचं रक्त शेवटी लागलं नाही. त्याचं नाव मात्र आमच्या दुर्मीळ दात्यांच्या वहीत आहे.

प्लेटलेटची मशिनं, प्लाझ्मा एक्स्चेंज, डेंग्यूच्या दिवसांतली धावपळ याबद्दल मुलांना खूप उत्साह असतो. ते सगळं ती पटकन शिकतात. शिबिराला न्यायचं म्हटलं की मात्र तोंडं उतरतात. म्हणून मी आवर्जून नेते.

निपाणीत एका गणेश मंडळाचं शिबिर होतं. 1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनाने देशभर गाजलेलं हे गाव. त्या सकाळी तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या काही बायका मिळून रक्त द्यायला आल्या. टेबलावर कॉपर सल्फेटचं निळं पाणी. बोटातून काढलेला थेंब त्यात सोडायचा. पंधरा सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबारा किंवा जास्त, रक्त घ्यायला हरकत नाही. पहिलीचा थेंब जरासा खाली गेला आणि वर आला. दुसरीचा तरंगतच राहिला. मग तिसरीचाही. माझी पीजी प्रत्येकीला ‘आज जमणार नाही’ म्हणत होती. शेवटी एक आजीबाई म्हणाल्या, ‘बाई, आमचं रक्त घ्याय जमत न्हाई म्हणता, मग हाय तेवढ्यावर आमचं चालतंय कसं, ते तरी बघा की.’

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिला मी त्या दिवशी परतीच्या गाडीत आपल्या बेळगावातलाच एक अभ्यास सांगितला. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,620 बायकांवर केलेला. बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या द्यायच्या, त्याही एएनएम सिस्टरने. मोठा रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. 2006 साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. प्रत्येक अठरा बायकांमागे एक रक्तस्राव टळला. रक्तपेढीच्या डॉक्टरने हा निबंध वाचलाच पाहिजे, कारण ज्या बॅगेची गरजच पडली नाही ती सगळ्यात सुरक्षित बॅग. आणि थेंब तरंगणाऱ्या बायका गरोदर राहतात, बाळंत होतात, तेव्हा थोडा रक्तस्रावही त्यांना झेपत नाही.

पुढच्या शिबिराला त्या मुलीने बाहेर पडायच्या दारापाशी दुसरं टेबल मांडायला लावलं. थेंब तरंगला की त्या बाईने तिथे जायचं, हिमोग्लोबिन नीट मोजून घ्यायचं, लोहाच्या गोळ्या आणि सरकारी दवाखान्याची चिठ्ठी घ्यायची. मंडळाच्या अध्यक्षांनी कुरकुर केली. ‘मॅडम, रक्तदान शिबिराची ओपीडी करू नका, बॅगांचा आकडा कमी होतो.’ ती म्हणाली, ‘कमी होऊ दे की.’ एवढं एक सीमाभागातलं मराठी तिला तोवर अगदी फर्डं यायला लागलं होतं. वर्षभराने आम्ही पोचायच्या आधीच अध्यक्षांनी दोन्ही टेबलं लावून ठेवली होती, आणि दुसऱ्या टेबलाला खुर्च्या जास्त होत्या, कारण मागच्या वेळी बायकांना उभं राहावं लागलं होतं.